पीटर टॉश

पीटर टॉश (मूळ नाव : विन्स्टन ह्यूबर्ट मॅकिंटॉश; जन्म : १९ ऑक्टोबर, इ.स. १९४४ – मृत्यू : ११ सप्टेंबर, इ.स. १९८७) हे जमैका येथील रेगे संगीतकार, गायक, गीतकार आणि गिटारवादक होते. बॉब मार्ली आणि बनी वेलर यांच्यासह त्यांनी 'द वेलर्स' या संगीतसमूहाची स्थापना केली. इ.स. १९७४ मध्ये या समूहातून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतंत्र गायक म्हणून कारकीर्द केली. वसाहतवाद, वर्णद्वेष, पोलिसी अत्याचार आणि आर्थिक विषमता यांवर त्यांनी सातत्याने गीते रचली.

टॉश हे रास्ताफारी पंथाचे अनुयायी होते. स्वतः गांजाचे सेवन करत असल्याचे त्यांनी कधीही लपवले नाही. गांजा बाळगणे व ओढणे हा जमैकात तुरुंगवासास पात्र गुन्हा असताना त्यांनी जाहीर व्यासपीठावरून, देशाच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत, तो कायदेशीर करण्याची मागणी केली. या उघड भूमिकेमुळे त्यांच्या गीतावर बंदी आली आणि त्यांना अटक व मारहाण सहन करावी लागली. त्यांच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी जमैकाने गांजाविषयक कायदा शिथिल केला.

पार्श्वभूमी

टॉश यांच्या भूमिकेचा संदर्भ जमैकातील गांजाच्या इतिहासात आहे. इ.स. १८३८ मध्ये ब्रिटिश वसाहतीतील गुलामगिरी पूर्णपणे संपुष्टात आल्यानंतर ऊसमळ्यांवर मजुरांची टंचाई निर्माण झाली. ती भरून काढण्यासाठी इ.स. १८४५ पासून भारतातून करारबद्ध मजूर जमैकात नेण्यात आले. इ.स. १९१७ पर्यंत ३६,००० हून अधिक भारतीय तेथे पोहोचले. त्यांपैकी बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या भागांतील होते. गांजाचे सेवन आणि 'गांजा' हा शब्द या मजुरांसोबत जमैकात गेला, असे सामान्यतः मानले जाते. मळ्यांवर शेजारी राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांनी ही सवय आणि तिचे नाव दोन्ही स्वीकारले. मराठीत रूढ असलेला हाच शब्द जमैकाच्या बोलीत आणि तेथील कायद्यातही वापरला जातो.

वसाहतीच्या सरकारने इ.स. १९१३ मध्ये गांजाबंदीचा पहिला कायदा केला. त्यानंतर त्यातील शिक्षा वेळोवेळी कठोर होत गेल्या. इ.स. १९३० मध्ये रास तफारी माकोनेन यांचा इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी म्हणून राज्याभिषेक झाला. त्यानंतर जमैकातील गरीब कृष्णवर्णीयांमध्ये रास्ताफारी पंथाचा उदय झाला. या पंथात गांजा ही पवित्र वनस्पती मानली जाते आणि ध्यान, प्रार्थना व सामूहिक चर्चा यांच्या वेळी तिचे सेवन केले जाते. त्यामुळे गांजाविरोधी कायदा हा पंथाच्या अनुयायांना पकडण्याचे सर्वांत सोपे साधन ठरला. पंथाचे आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल यांनी वसवलेल्या पिनॅकल या वसाहतीवर इ.स. १९४१ आणि इ.स. १९५४ मध्ये पोलिसांनी छापे घातले. इ.स. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी हा कायदा तसाच राहिला.

प्रारंभिक जीवन

टॉश यांचा जन्म जमैकाच्या पश्चिमेकडील वेस्टमोरलंड परगण्यात झाला. हा परगणा ऊसमळ्यांसाठी, भारतीय वंशाच्या वस्तीसाठी आणि पुढील काळात गांजाच्या लागवडीसाठीही ओळखला जाऊ लागला. आईवडिलांचा सहवास त्यांना फारसा लाभला नाही. त्यांचे पालनपोषण नातेवाइकांनी केले. बालपणी ते चर्चमध्ये नियमित जात. तेथील सामूहिक गायनातून त्यांच्यावर संगीताचे पहिले संस्कार झाले. गावातील एका व्यक्तीचे गिटारवादन काही तास एकाग्रतेने पाहून त्यांनी ते वाद्य आत्मसात केले, असे सांगितले जाते.

किशोरवयात ते राजधानी किंग्स्टन येथे आले आणि ट्रेंचटाऊन या गरीब वस्तीत राहू लागले. गावाकडून आलेल्या बेरोजगार तरुणांची ही वस्ती दारिद्र्य, टोळ्यांची भांडणे आणि पोलिसांची दहशत यांसाठी कुप्रसिद्ध होती. याच वस्तीत गायक जो हिग्ज हे होतकरू मुलांना विनामूल्य गायनाचे शिक्षण देत असत. त्यांच्याकडे टॉश यांची रॉबर्ट नेस्टा मार्ली आणि नेव्हिल लिव्हिंगस्टन (बनी वेलर) यांच्याशी भेट झाली.

द वेलर्स

इ.स. १९६३ च्या सुमारास या तिघांनी इतर काही सहकाऱ्यांसह संगीतसमूह स्थापन केला. पुढे तो 'द वेलर्स' या नावाने प्रसिद्ध झाला. प्रारंभी वाद्ये वाजवू शकणारे टॉश हेच समूहातील एकमेव सदस्य होते. मार्ली यांना गिटारचे प्राथमिक धडे त्यांनीच दिले. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड यांच्या स्टुडिओ वन या संस्थेसाठी ध्वनिमुद्रित केलेले 'सिमर डाऊन' हे गीत इ.स. १९६४ मध्ये जमैकात अत्यंत लोकप्रिय झाले.

२१ एप्रिल, इ.स. १९६६ रोजी सम्राट हैले सेलासी यांनी जमैकाला भेट दिली. या भेटीनंतर रास्ताफारी पंथाचा प्रभाव झपाट्याने वाढला. वेलर्सचे तिन्ही प्रमुख सदस्य याच काळात पंथाकडे वळले. त्याची किंमतही लवकरच मोजावी लागली. इ.स. १९६७ मध्ये बनी वेलर यांना गांजा बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि त्यांनी वर्षभराहून अधिक काळ तुरुंगवास भोगला. त्या काळात समूहाचे काम टॉश आणि मार्ली यांना त्यांच्याविना चालवावे लागले. गांजाविषयक कायदा टॉश यांच्या निकटच्या वर्तुळात प्रत्यक्ष येऊन पोहोचल्याचा हा महत्त्वाचा प्रसंग होता.

इ.स. १९७० नंतर निर्माते ली 'स्क्रॅच' पेरी यांच्यासोबत केलेल्या कामातून समूहाची स्वतंत्र शैली घडली. लंडन येथील आयलंड रेकॉर्ड्‌स या संस्थेने इ.स. १९७३ मध्ये त्यांचे 'कॅच अ फायर' आणि 'बर्निन' हे अल्बम प्रकाशित केले. 'फोर हंड्रेड यीअर्स' आणि 'स्टॉप दॅट ट्रेन' ही टॉश यांची, तर 'गेट अप, स्टँड अप' ही टॉश व मार्ली यांची संयुक्त रचना याच काळातील आहे. त्याच वर्षी एका मोटार अपघातात टॉश गंभीर जखमी झाले आणि त्यांच्यासोबत असलेल्या त्यांच्या मैत्रिणीचा मृत्यू झाला.

आयलंड रेकॉर्ड्‌सचे प्रमुख ख्रिस ब्लॅकवेल हे मार्ली यांनाच अधिक महत्त्व देत आहेत आणि समूहाला योग्य मोबदला मिळत नाही, अशी टॉश यांची तक्रार होती. इ.स. १९७४ मध्ये ते समूहातून बाहेर पडले. त्याच सुमारास बनी वेलर यांनीही समूह सोडला.

'लीगलाइझ इट'

इ.स. १९७४ मध्ये जमैकाच्या सरकारने अमेरिकेच्या साहाय्याने गांजाची लागवड व निर्यात यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. ग्रामीण भागातील पिके नष्ट करण्यात आली. शहरांतील गरीब वस्त्यांमध्ये पोलिसांचे छापे नित्याचे झाले. रास्ताफारी केशरचना असलेला तरुण पोलिसांच्या दृष्टीने सहज संशयित ठरत असे. टॉश यांनाही या काळात पोलिसांच्या मारहाणीला तोंड द्यावे लागले. त्या अनुभवावर त्यांनी इ.स. १९७५ मध्ये 'मार्क ऑफ द बीस्ट' हे गीत रचले.

याच अनुभवांतून 'लीगलाइझ इट' या गीताची निर्मिती झाली. जमैकात इ.स. १९७५ मध्ये प्रकाशित झालेल्या या गीताच्या आकाशवाणीवरील प्रसारणास बंदी घालण्यात आली. बंदीनंतरही ध्वनिमुद्रिकेचा खप वाढत गेला. इ.स. १९७६ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्‌स या अमेरिकी संस्थेने याच नावाचा टॉश यांचा पहिला स्वतंत्र अल्बम प्रकाशित केला. त्याचे ध्वनिमुद्रण किंग्स्टनमधील ट्रेझर आयल आणि रँडीज या ध्वनिमुद्रणगृहांत झाले होते. अल्बमच्या मुखपृष्ठावर वेस्टमोरलंड परगण्यातील गांजाच्या शेतात बसून चिलीम ओढणारे टॉश दिसतात. हे छायाचित्र त्यांचे सहकारी ली जॅफी यांनी टिपले होते. जो कायद्याने गुन्हा होता, त्याचेच छायाचित्र स्वतःच्या नावासह जगभर वितरित होऊ देणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

गीतातील युक्तिवाद साधा आहे. या वनस्पतीला समाजात निरनिराळी नावे आहेत आणि तिचे सेवन केवळ झोपडपट्टीतील तरुण करत नाहीत. गायक आणि वादक यांच्याप्रमाणेच वैद्यकीय व विधी क्षेत्रांतील प्रतिष्ठित मंडळीही तिचे सेवन करतात, याकडे टॉश लक्ष वेधतात. एकाच कृतीबद्दल समाजातील एका वर्गाला तुरुंग आणि दुसऱ्या वर्गाला अभय मिळत असेल, तर तो कायदा न्याय्य नाही, असा त्याचा आशय आहे. काही विकारांवर ही वनस्पती गुणकारी असल्याचा दावाही गीतात आढळतो. याच अल्बममधील 'व्हॉट्चा गॉना डू' या गीतात किरकोळ प्रमाणातील गांजामुळे घरातील माणूस पकडला गेल्यावर कुटुंबावर ओढवणाऱ्या संकटाचे वर्णन आहे.

इ.स. १९७५ मध्येच मानववंशशास्त्रज्ञ व्हेरा रूबिन आणि लॅम्ब्रॉस कॉमिटास यांचा जमैकातील गांजासेवनावरील अभ्यासग्रंथ प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्या श्रमजीवी पुरुषांमध्ये गंभीर शारीरिक वा मानसिक ऱ्हास त्यांना आढळला नव्हता. इ.स. १९७७ मध्ये जमैकाच्या संसदीय समितीनेही वैयक्तिक सेवनाबाबतचा कायदा सौम्य करण्याची शिफारस केली. तिची अंमलबजावणी झाली नाही.

'इक्वल राइट्स'

इ.स. १९७७ मध्ये 'इक्वल राइट्स' हा टॉश यांचा दुसरा अल्बम प्रकाशित झाला. त्यात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद, आफ्रिकी वंशाच्या लोकांची समान ओळख आणि समान हक्क हे विषय हाताळले. न्यायाशिवाय शांततेची भाषा निरर्थक आहे, हे या अल्बमच्या शीर्षकगीताचे सूत्र आहे. ड्रमवादक स्लाय डनबार आणि बेसवादक रॉबी शेक्सपिअर यांचा समावेश असलेला 'वर्ड, साउंड अँड पॉवर' हा वाद्यवृंद या काळात त्यांच्या साथीला होता.

हा अल्बम आणि त्याआधीचा 'लीगलाइझ इट' यांचा परस्परसंबंध अभ्यासकांनी अधोरेखित केला आहे. टॉश यांच्या दृष्टीने गांजाचा प्रश्न हा करमणुकीचा प्रश्न नव्हता. पंथाच्या अनुयायांसाठी तो धार्मिक स्वातंत्र्याचा, डोंगराळ भागातील शेतकऱ्यांसाठी उपजीविकेचा आणि गरीब तरुणांसाठी कायद्यापुढील समानतेचा प्रश्न होता.

वन लव्ह पीस कॉन्सर्ट

इ.स. १९७० च्या दशकात पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांचा पीपल्स नॅशनल पार्टी आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा यांचा जमैका लेबर पार्टी या दोन पक्षांच्या समर्थक टोळ्यांमध्ये किंग्स्टन येथे रक्तरंजित संघर्ष सुरू होता. टोळ्यांमधील युद्धबंदीला बळ देण्यासाठी २२ एप्रिल, इ.स. १९७८ रोजी किंग्स्टनच्या राष्ट्रीय क्रीडागारात 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट' हा संगीतसोहळा आयोजित करण्यात आला. हा सोहळा मुख्यतः बॉब मार्ली यांनी मॅन्ली आणि सिआगा यांचे हात व्यासपीठावर एकत्र उंचावल्याच्या प्रसंगासाठी स्मरणात आहे.

मार्ली यांच्यापूर्वी टॉश यांचा कार्यक्रम झाला. दोन्ही नेते प्रेक्षकांत पुढे बसलेले असताना टॉश यांनी गीतांच्या मधल्या वेळेत प्रदीर्घ भाषण केले. वसाहतीच्या काळापासून चालत आलेली व्यवस्था, गरिबांची उपासमार आणि पोलिसांचे वर्तन यांवर त्यांनी टीका केली. गांजासाठी गरिबांना होणाऱ्या छळाचा त्यांनी निषेध केला आणि तो कायदेशीर करण्याची मागणी सत्ताधारी व विरोधक या दोघांपुढे मांडली. याच वेळी त्यांनी व्यासपीठावर गांजाची विडी पेटवली. बंदोबस्तावरील पोलिसांसमक्ष झालेला हा कायदेभंग होता. त्या वेळी त्यांना अटक करण्यात आली नाही. या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण इ.स. २००० मध्ये प्रकाशित झाले.

पोलिसांकडून मारहाण

या सोहळ्यानंतर काही महिन्यांनी, सप्टेंबर, इ.स. १९७८ मध्ये, पोलिसांनी टॉश यांना किंग्स्टन येथे गांजाच्या कारणावरून ताब्यात घेतले. पोलीस कोठडीत त्यांना अमानुष मारहाण झाली. त्यांच्या डोक्याला गंभीर जखमा झाल्या व हात मोडला. आपण मृत झाल्याचे भासवल्यामुळेच मारहाण थांबली आणि आपला जीव वाचला, असे त्यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले. ही मारहाण म्हणजे एप्रिलमधील भाषणाचा सूड होता, असे त्यांचे व त्यांच्या निकटवर्तीयांचे मत होते.

या घटनेनंतर टॉश यांनी आपली भूमिका सौम्य केली नाही. पुढील काळातील सभा, मुलाखती आणि मैफली यांतून ते गांजाविषयी पूर्वीइतक्याच उघडपणे बोलत राहिले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश संगीतसमूहाचे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्‌स यांनी टॉश यांना आपल्या संस्थेसाठी करारबद्ध केले. इ.स. १९७८ मध्ये अमेरिकेतील दौऱ्यात टॉश यांनी रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमांपूर्वी आपली कला सादर केली. त्याच वर्षी 'बुश डॉक्टर' हा त्यांचा अल्बम आला. जॅगर यांच्यासोबत गायलेले 'डोन्ट लुक बॅक' हे त्यातील गीत युरोप व अमेरिकेत लोकप्रिय झाले.

अल्बमचे नाव ज्यावरून पडले ते 'बुश डॉक्टर' हे गीत पुन्हा गांजाविषयीच आहे. जमैकाच्या ग्रामीण भागात झाडपाल्याची औषधे देणाऱ्या वैदूला या नावाने ओळखतात. आरोग्यास अपायकारक असल्याचा इशारा छापूनही सिगारेट खुलेआम विकली जाते आणि गांजावर मात्र बंदी आहे, या विसंगतीवर गीतात बोट ठेवले आहे. काचबिंदूवर गांजा उपयुक्त असल्याचाही त्यात उल्लेख आहे.

यानंतर 'मिस्टिक मॅन' (इ.स. १९७९) आणि 'वाँटेड ड्रेड अँड अलाइव्ह' (इ.स. १९८१) हे अल्बम प्रकाशित झाले. पुढे रोलिंग स्टोन्सच्या संस्थेशी त्यांचे मतभेद झाले व करार संपुष्टात आला. इ.स. १९८३ मधील 'मामा आफ्रिका' या अल्बमला चांगले यश मिळाले. या काळात ते एम-१६ बंदुकीच्या आकाराची गिटार घेऊन व्यासपीठावर येत असत. कराटे आणि एकचाकी सायकल चालवणे हे त्यांचे छंद होते. इंग्रजी शब्दांची मोडतोड करून त्यांतून उपरोधिक नवे शब्द घडवण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती.

त्यांचा अखेरचा अल्बम 'नो न्यूक्लिअर वॉर' इ.स. १९८७ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील 'ना गोआ जेल' या गीताचा भारतातील गोवा राज्याशी संबंध नाही. गांजासाठी यापुढे तुरुंगात जाणार नाही, असा त्या जमैकन शीर्षकाचा अर्थ आहे. पहिल्या अल्बमपासून अखेरच्या अल्बमपर्यंत हा विषय त्यांनी सोडला नाही.

मृत्यू

११ सप्टेंबर, इ.स. १९८७ रोजी सायंकाळी तीन सशस्त्र व्यक्ती किंग्स्टन येथील टॉश यांच्या निवासस्थानी शिरल्या व त्यांनी पैशांची मागणी केली. त्यांच्यापैकी एकाला टॉश ओळखत होते. तुरुंगातून सुटल्यावर त्याला काम मिळवून देण्यासाठी त्यांनी मदत केली होती. घरात पैसे नसल्याचे टॉश यांनी सांगितल्यानंतर हल्लेखोरांनी गोळीबार केला. त्यात टॉश यांच्यासह त्यांचे एक स्नेही आणि आकाशवाणीवरील प्रसिद्ध निवेदक जेफ 'फ्री आय' डिक्सन यांचा मृत्यू झाला. घरातील इतर काही जण जखमी झाले. मृत्युसमयी टॉश ४२ वर्षांचे होते.

परिचित हल्लेखोराला न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. इ.स. १९९५ मध्ये तिचे रूपांतर जन्मठेपेत झाले. इतर दोघांना शिक्षा झाली नाही. टॉश यांचे स्मारक वेस्टमोरलंड परगण्यातील बेलमॉन्ट येथे आहे.

गांजाविषयक दाव्यांचे मूल्यमापन

टॉश यांच्या सर्वच दाव्यांना वैद्यकशास्त्राचा आधार मिळालेला नाही. श्वसनाच्या विकारांवर गांजा गुणकारी असल्याचे त्यांच्या गीतात सुचवले आहे. प्रत्यक्षात कोणत्याही वनस्पतीचा धूर ओढल्याने श्वासनलिकांना त्रास होतो. गांजामुळे डोळ्यांतील दाब काही काळ कमी होतो, परंतु काचबिंदू त्यामुळे बरा होत नाही. पौगंडावस्थेत सुरू झालेले नियमित सेवन आणि मनोविकारांचा वाढता धोका यांचा संबंध टॉश यांच्या मृत्यूनंतरच्या संशोधनातून पुढे आला. जमैकातील अनेक चर्च संघटनांनी त्यांच्या भूमिकेला नैतिक व आरोग्यविषयक कारणांवरून विरोध केला होता.

दुसरीकडे, या वनस्पतीच्या औषधी उपयोगांकडे गांभीर्याने पाहिले जावे, ही त्यांची अपेक्षा निराधार ठरली नाही. वेस्ट इंडीज विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ मॅन्ली वेस्ट आणि नेत्रतज्ज्ञ अल्बर्ट लॉकहार्ट यांनी गांजापासून काचबिंदूवरील 'कॅनासॉल' हे नेत्रबिंदू विकसित केले. इ.स. १९८० च्या दशकात हे औषध जमैकात उपलब्ध झाले. झाडपाल्याच्या औषधाचा उल्लेख करणारे गीत आणि प्रयोगशाळेतील हे संशोधन एकाच बेटावर, जवळजवळ एकाच काळात घडले.

कायद्यातील बदल

इ.स. २००१ मध्ये समाजशास्त्रज्ञ बॅरी शेवान यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय गांजा आयोगाने प्रौढ व्यक्तींचे खासगी सेवन गुन्हेगारी कक्षेबाहेर ठेवण्याची शिफारस केली. क्षुल्लक प्रमाणातील गांजासाठी तरुणांना गुन्हेगार ठरवल्याने त्यांच्या आयुष्याचे आणि पोलिसांवरील विश्वासाचे होणारे नुकसान आयोगाने नमूद केले. टॉश यांनी इ.स. १९७८ मध्ये व्यासपीठावरून मांडलेली तक्रार यापेक्षा फारशी निराळी नव्हती.

प्रत्यक्ष कायदाबदलास आणखी १४ वर्षे लागली. १५ एप्रिल, इ.स. २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार २ औंस (सुमारे ५७ ग्रॅम) पर्यंतचा गांजा बाळगल्यास अटक न होता ५०० जमैकन डॉलरचा दंड आकारला जातो आणि गुन्हेगारी नोंद होत नाही. प्रत्येक घराला पाच झाडे लावण्याची मुभा मिळाली. रास्ताफारी पंथाच्या अनुयायांना धार्मिक कारणांसाठी गांजा वापरण्याचा अधिकार प्रथमच कायद्याने मान्य झाला. तथापि सार्वजनिक ठिकाणी गांजा ओढणे अद्याप दंडनीय आहे आणि परवान्याशिवाय व्यापार हा गुन्हाच आहे. त्यामुळे टॉश यांची पूर्ण कायदेशीर मान्यतेची मागणी अंशतःच पूर्ण झाली. परवान्याचा खर्च आणि अटी यांमुळे पारंपरिक लहान शेतकरी या नव्या व्यवसायाबाहेर राहतात, अशी टीकाही होते.

सन्मान व वारसा

'नो न्यूक्लिअर वॉर' या अल्बमला इ.स. १९८८ मध्ये रेगे संगीतासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. टॉश यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या आत्मकथनपर ध्वनिफितींवर आधारित 'स्टेपिंग रेझर : रेड एक्स' हा माहितीपट इ.स. १९९२ मध्ये प्रदर्शित झाला. इ.स. २०१२ मध्ये जमैका सरकारने त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा उच्च नागरी सन्मान मरणोत्तर प्रदान केला. ज्या राज्ययंत्रणेच्या कोठडीत त्यांना मारहाण झाली होती, तिनेच ३४ वर्षांनी त्यांचा गौरव केला. इ.स. २०१६ मध्ये किंग्स्टन येथे त्यांच्या जीवनावरील संग्रहालय सुरू झाले. बंदुकीच्या आकाराची गिटार व एकचाकी सायकल तेथे पाहावयास मिळतात.

टॉश यांचे पुत्र अँड्र्यू टॉश आणि जवारा मॅकिंटॉश हे दोघेही संगीताच्या क्षेत्रात आले. गांजाविषयक कायद्याचा परिणाम या कुटुंबाच्या पुढच्या पिढीवरही झाला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात गांजा बाळगल्याच्या प्रकरणात शिक्षा भोगत असताना फेब्रुवारी, इ.स. २०१७ मध्ये जवारा यांच्यावर तुरुंगात हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेतून ते सावरले नाहीत आणि जुलै, इ.स. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी सार्वमताद्वारे प्रौढांच्या गांजासेवनाला कायदेशीर मान्यता दिली. त्यानंतर मॅकिंटॉश कुटुंबीय कायदासुधारणेच्या चळवळीत सक्रिय राहिले आहेत.

मार्ली यांच्या तुलनेत टॉश यांना व्यावसायिक यश कमी मिळाले. त्यांचा स्पष्टवक्तेपणा आणि तडजोड न करण्याची वृत्ती हे त्याचे एक कारण मानले जाते. गांजाला कायदेशीर मान्यता मिळवण्यासाठी विविध देशांत झालेल्या चळवळींनी 'लीगलाइझ इट' या गीताला आपले घोषगीत मानले. या प्रश्नावर खासगीत एक आणि जाहीरपणे दुसरे बोलण्याची रीत समाजात रूढ असताना स्वतःचे सेवन न लपवता कायद्याच्या न्याय्यतेविषयी प्रश्न विचारणारा कलावंत म्हणून टॉश यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

प्रमुख अल्बम

लीगलाइझ इट (इ.स. १९७६)
इक्वल राइट्स (इ.स. १९७७)
बुश डॉक्टर (इ.स. १९७८)
मिस्टिक मॅन (इ.स. १९७९)
वाँटेड ड्रेड अँड अलाइव्ह (इ.स. १९८१)
मामा आफ्रिका (इ.स. १९८३)
कॅप्चर्ड लाइव्ह (इ.स. १९८४)
नो न्यूक्लिअर वॉर (इ.स. १९८७)